बिघडवून शिकायचा कॉम्प्युटर

अकोल्याच्या जुन्या शहरातून आम्ही बोलतो आहोत. आजचा विषय आहे गटाच्या कॉम्प्युटरचा.

कॉम्प्युटर चालवणं आता पुष्कळ जणींना येतं. हजेरी टाइप करता येते, कर्जाचा हप्ता चढवता येतो, छपाईही काढता येते. पण तो सुरूच झाला नाही तर काय करायचं? कुणाला काय उघडू द्यायचं, नोंदींची दुसरी प्रत कुठं ठेवायची, जागा भरली की काय काढायचं? या कामाला सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेशन म्हणतात. आपण त्याला कारभार म्हणू, आणि ते करणारीला कारभारीण. हा कारभार घरात किंवा गटाच्या खोलीत बसून शिकता येतो, आणि तोही खऱ्या नोंदींना धक्का न लावता. कसा, ते आज सांगतो.

फॉरमॅट मारावा लागन

आधी हे शिकायचं कशासाठी, ते पाहू. गावात ग्रामसंघाचा किंवा प्रभागसंघाचा कॉम्प्युटर बहुतेक एकच असतो. त्यात पंधरावीस गटांच्या बचतीच्या, कर्जाच्या, व्याजाच्या नोंदी असतात. एखाद्या दिवशी तो सुरूच होत नाही. आपण तो पिशवीत घालून दुकानात नेतो. दुकानदार पाहतो आणि म्हणतो, “विंडोज उडालं ताई. फॉरमॅट मारावा लागन.” आपण विचारतो, “किती पैसे?”

पैसे विचारण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: “आतल्या नोंदी राहतील का?”

आमच्याकडे असंच झालं. एका दुकानात कॉम्प्युटर दिला. दुसऱ्या दिवशी तो नव्यासारखा होऊन परत आला, आणि आत काहीच नव्हतं. तीन वर्षांच्या नोंदी गेल्या होत्या. कागदी पासबुकं आणि इतिवृत्ताच्या वह्या होत्या म्हणून सगळं पुन्हा भरता आलं, पण त्यात महिना गेला. तेवढ्यात पेरणी आली. बँकेचा प्रस्ताव वेळेत गेला नाही, आणि ज्यांना कर्ज पेरणीआधी हवं होतं त्यांनी बियाणं उधारीवर उचललं. उधारीचा भाव कसा असतो, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

नंतर आम्हाला कळलं की विंडोज उडालं म्हणजे नोंदी उडाल्या असं नसतं. कपाटाचं दार अडकलं म्हणून आतल्या साड्या जळत नाहीत. दार उघडायची दुसरी रीत असते, ती आज पुढे सांगणारच आहोत. पण ती रीत येण्यासाठी कधीतरी एखादा कॉम्प्युटर मुद्दाम बंद पाडून पुन्हा उघडून पाहायला लागतो. गटाच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर हा प्रयोग कोण करू देईल? “व माय, बिघडलं तं पैसे कोन भरन?” हे पहिलं वाक्य असतं. आणि ते चुकीचंही नाही.

म्हणून शिकण्यासाठी बिघडवता येईल असा कॉम्प्युटर हवा. तो विकत घ्यावा लागत नाही. आहे त्याच कॉम्प्युटरच्या पोटात तो तयार करता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

एका वाड्यात चार बिऱ्हाडं

जुन्या शहरातला एखादा मोठा वाडा डोळ्यांसमोर आणा. मालक एक. आत चार बिऱ्हाडं. प्रत्येकाची खोली वेगळी, चूल वेगळी, कुलूप वेगळं. विहीर, अंगण आणि छप्पर सगळ्यांचं एक. एका बिऱ्हाडानं खोलीत कितीही पसारा केला तरी शेजारच्या खोलीतलं भांडंसुद्धा हलत नाही. ते बिऱ्हाड सोडून गेलं की खोली झाडून दुसऱ्याला देता येते.

तुमचा खरा कॉम्प्युटर म्हणजे तो वाडा. व्हर्च्युअल मशीन म्हणजे त्यातलं बिऱ्हाड. पडद्यावर ते एका चौकोनी खिडकीत दिसतं. खिडकीच्या आत वेगळा कॉम्प्युटर सुरू होतो. त्याची मेमरी, डिस्क, नाव आणि पासवर्ड सगळं वेगळं. आतल्या कॉम्प्युटरला वाटतं की आपणच खरे. त्याची डिस्क म्हणजे बाहेरच्या कॉम्प्युटरवरची एक मोठी फाईल असते, एवढंच. आत सगळं मोडून टाकलं तरी ती फाईल काढून टाकायची आणि नवी करायची.

वाड्यात कुणाला कोणती खोली, पाण्याची पाळी कुणाची, हे पाहणारा दिवाणजी लागतो. इथंही तसा एक प्रोग्राम लागतो. व्हर्च्युअलबॉक्स हा त्यातला सगळ्यात सोपा. तो 2007 मध्ये आला, आता ओरॅकल कंपनीकडे आहे, आणि त्याचा मूळ भाग फुकट वापरता येतो.

ही कल्पना मात्र जुनी आहे. 1960च्या दशकात एक कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र असायचं आणि त्याची किंमत अफाट असायची. अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीच्या लोकांनी तेव्हा असा उपाय काढला की एकाच यंत्रावर अनेक जण बसतील आणि प्रत्येकाला स्वतःचं वेगळं यंत्र मिळाल्यासारखं वाटेल. 1972 मध्ये कंपनीनं ते व्हीएम/370 या नावानं बाजारात आणलं. आज बँका, रेल्वेची तिकिटं, मोबाईलवरची ॲप्स ज्या मोठ्या कॉम्प्युटरांवर चालतात, तिथंही बहुतेक अशीच बिऱ्हाडं असतात. म्हणजे खिडकीत जे शिकाल, त्याला बाहेरच्या जगात काम आहे.

या गोष्टीला आपल्या जिल्ह्याचाही एक धागा आहे. डॉ. विजय भटकर हे मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. 1946 मध्ये तिथं त्यांचा जन्म झाला. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि तिथं भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ हा भारतीय महासंगणक तयार झाला. त्याची युक्ती अशी होती की पुष्कळ छोटे प्रोसेसर जोडून त्यांच्याकडून एक मोठं काम करून घ्यायचं. बचत गटातल्या बायांना हे समजावून सांगावं लागत नाही, थोड्याथोड्या बचतीची मोठी रक्कम आपण दर महिन्याला करतोच. व्हर्च्युअल मशीनची युक्ती त्याच्या उलटी आहे. इथं एकाचे अनेक करायचे असतात.

काय लागतं

कॉम्प्युटरची मेमरी 8 जीबी असेल तर काम आरामात होतं. 4 जीबी असेल तरी होतं, पण रडतखडत. तेव्हा बाकीचे सगळे प्रोग्राम बंद ठेवायचे. डिस्कवर 30 जीबी जागा मोकळी हवी. खिडकीतल्या मशीनला 2 जीबी मेमरी आणि 25 जीबी डिस्क द्या. पूर्ण वाडाच भाड्यानं दिला तर मालकानं राहायचं कुठं? म्हणून निम्म्याहून जास्त मेमरी कधी द्यायची नाही.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्या. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा, सीपीयूवर टिचकी मारा. तिथं ‘व्हर्च्युअलायझेशन’ या शब्दापुढे ‘एनेबल्ड’ असं लिहिलेलं हवं. ‘डिसेबल्ड’ असेल तर ती सोय मशीनमध्ये आहे, पण बंद आहे. मशीन सुरू होतानाच्या बायोस नावाच्या यादीतून ती चालू करावी लागते. हे एकदाच करायचं असतं. जाणत्या माणसाकडून करून घ्या, पण तो काय करतो ते शेजारी बसून पाहा आणि वहीत लिहा.

खिडकीत बसवायला लिनक्स घ्या. लिनक्सची सुरुवात फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं केली, तीही 1991 मध्येच, म्हणजे परम 8000 ज्या वर्षी झाला त्याच वर्षी. ते फुकट आहे, कुणालाही वाटता येतं. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. सी-डॅकनं 2007 मध्ये ‘बॉस’ नावाचा भारतीय भाषांसाठीचा प्रकार काढला. सुरुवातीला आम्ही लुबुंटू सुचवतो. तो हलका आहे, जुन्या मशीनवरही चालतो. लुबुंटू आणि व्हर्च्युअलबॉक्स दोन्ही त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्या. कुणी पेनड्राइव्हवर आणून दिलेलं घेऊ नका.

बसवायला तासभर लागतो. बसवून झालं की आधी खिडकीतल्या पडद्याचा रंग बदला. हिरवा करा, नाहीतर जांभळा. म्हणजे आपण आत आहोत की बाहेर, हे एका नजरेत कळतं. मग व्हर्च्युअलबॉक्समधून स्नॅपशॉट घ्या. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी मशीन जसं होतं तशी त्याची खूण. पुढे काहीही मोडलं तरी त्या खुणेवर परत जाता येतं. शेवया करताना पीठ बिघडलं तर ते पुन्हा गहू होत नाही. इथं होतं.

आता धडे. आम्ही आठवड्यातून दोन तास, दोघीदोघींच्या जोडीनं बसलो. एकीनं टाइप करायचं, दुसरीनं वहीत लिहायचं, पुढच्या वेळी उलट. आज्ञा पडद्यावर इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या असतात, इथं आम्ही त्यांचा उच्चार सांगतो आहोत.

पहिला धडा: मालक, गट आणि इतर

लिनक्समध्ये प्रत्येक फाईलबद्दल तीन प्रश्न असतात. मालकाला काय करता येईल? गटाला काय करता येईल? इतरांना काय करता येईल? हो, तिथंही शब्द ‘ग्रुप’ म्हणजे गटच आहे.

परवानग्याही तीनच. वाचायची परवानगी म्हणजे 4. लिहायची म्हणजे 2. चालवायची म्हणजे 1. बेरीज करायची. वाचणं आणि लिहिणं दोन्ही असेल तर 6. फक्त वाचणं असेल तर 4. काहीच नसेल तर शून्य.

आता गटाची वही घ्या. सचिवानं लिहायचं, सगळ्या सभासदांनी वाचायचं, बाहेरच्यांनी पाहायचं नाही. म्हणजे मालक 6, गट 4, इतर 0. फाईलला सीएचमॉड ही आज्ञा देऊन 640 हा आकडा सांगायचा. फोल्डरच्या बाबतीत आत शिरायलाही परवानगी लागते, ती म्हणजे 1. म्हणून वहीच्या फोल्डरला 750.

खिडकीतल्या मशीनमध्ये तीन नावं तयार करा: सचिव, सभासद आणि पाहुणा. ‘गट’ नावाचा ग्रुप करा, त्यात सचिव आणि सभासद घाला. वहीचं फोल्डर एकीच्या खात्यात ठेवू नका, एसआरव्ही नावाच्या सामायिक जागेत ठेवा. मग एकेका नावानं आत जाऊन पाहा. सचिवाला लिहिता येईल. सभासदाला वाचता येईल, पण बदल साठवायला गेली की ‘परमिशन डिनाइड’ असं उत्तर येईल. पाहुण्याला फाईल उघडताच येणार नाही.

गटाच्या कॉम्प्युटरवर सगळ्या जणी एकाच नावानं, एकाच पासवर्डनं बसतात तेव्हा हप्त्याचा आकडा कुणी बदलला हे सांगता येत नाही. मग बैठकीत संशय येतो आणि संशयानं गट फुटतात. वेगवेगळी नावं असली की जिचं काम तिच्या नावावर राहतं.

लिनक्समध्ये रूट नावाचा एक वापरकर्ता असतो. त्याला सगळं करता येतं. रोजच्या कामाला त्याच्या नावानं बसायचं नाही. मोठं काम असेल तेव्हा आज्ञेच्या आधी सुडो हा शब्द लावायचा. मशीन तुमचाच पासवर्ड विचारतं, काम करतं, आणि कोणी काय केलं ते आपल्या रोजनिशीत लिहून ठेवतं. ही रोजनिशी जर्नलसीटीएल या आज्ञेनं वाचता येते. मुद्दाम दोनदा चुकीचा पासवर्ड द्या आणि रोजनिशीत त्याची नोंद शोधा.

दुसरा धडा: जागा भरली तर

डीएफ ही दोन अक्षरं टाइप करा, एक जागा सोडून उणे चिन्ह आणि एच लिहा. डिस्क किती, भरली किती, उरली किती, ते समोर येतं. आता ती मुद्दाम भरा. एफ-ॲलोकेट या आज्ञेनं उरलेल्या जागेएवढी रिकामी फाईल तयार करता येते. मग वहीत एक ओळ लिहून साठवून पाहा. ‘नो स्पेस लेफ्ट’ असं उत्तर येईल. खऱ्या मशीनवर हे उत्तर पहिल्यांदा पाहताना पोटात गोळा येतो. खिडकीत एकदा पाहिलेलं असलं की येत नाही. डीयू या आज्ञेनं कोणत्या फोल्डरनं किती जागा खाल्ली ते शोधा, ती मोठी फाईल काढा, पुन्हा डीएफ करा. कणगीतलं धान्य मोजण्यासारखंच हे आहे, दर महिन्याला एकदा पाहायचं.

तिसरा धडा: दुसरी प्रत

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे नीट लक्षात ठेवा. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क जळाली तर तोही गेला.

जगभरातल्या कारभाऱ्यांचा एक साधा नियम आहे: तीन, दोन, एक. नोंदींच्या तीन प्रती. दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, म्हणजे एक कॉम्प्युटरात आणि एक पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर. आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. आमच्या जुन्या शहरात याचा अर्थ सगळ्यांना लगेच कळतो. मोर्णेच्या पश्चिमेला जुनं शहर, पूर्वेला ताजनापेठ आणि कचेऱ्या. मोर्णेला पूर आला की काठावरच्या घरांत पाणी शिरतं. कॉम्प्युटर आणि पेनड्राइव्ह एकाच कपाटात असतील तर दोन्ही सोबत भिजतील. म्हणून एक प्रत अल्याड, एक पल्याड. तुमच्या गावी एक प्रत ग्रामसंघात आणि एक दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या कोषाध्यक्षांकडे. पण त्या प्रतीत सगळ्यांचे खातेक्रमांक असतात, म्हणून ती पासवर्ड लावून आणि कुलपातच ठेवायची.

खिडकीत सराव असा करा. वहीची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मग मूळ वही पुसून टाका. मग पेनड्राइव्हवरून परत आणा आणि शेवटच्या नोंदीपर्यंत वाचून पाहा. परत आणून पाहिलेली नसेल तोवर त्या प्रतीवर भरवसा ठेवायचा नाही. प्रत घेतली होती, पण उघडायला गेलं तर फाईल रिकामी निघाली, असंही होतं.

चौथा धडा: अडकलेलं दार

आता ज्यासाठी हे सगळं सुरू केलं तो धडा. नवा स्नॅपशॉट घ्या. मग खिडकीतल्या मशीनमधलं बूट नावाचं फोल्डर सुडो लावून पुसून टाका. मशीन बंद करून सुरू करा. ते सुरू होणार नाही. काळ्या पडद्यावर दोन ओळी येतील आणि थांबेल. दुकानात ज्याला ‘उडालं’ म्हणतात ते हेच, किंवा याच्या जवळपासचं.

आता लुबुंटू बसवताना जी फाईल वापरली होती, ती व्हर्च्युअलबॉक्समधून सीडी म्हणून पुन्हा लावा आणि मशीन सुरू करा. ‘ट्राय’ हा पर्याय निवडा, ‘इन्स्टॉल’ नको. आता लुबुंटू त्या सीडीवरून चालेल. जुन्या डिस्कला हात न लावता. फाईल मॅनेजरमध्ये जुनी डिस्क दिसेल. तिच्यात एसआरव्ही, तिच्यात तुमची वही. सुडो लावून ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

खऱ्या कॉम्प्युटरवरही असंच करता येतं. लुबुंटूचा पेनड्राइव्ह तयार करून ठेवायचा, त्याला लाइव्ह पेनड्राइव्ह म्हणतात. विंडोज उडालं तर त्यावरून कॉम्प्युटर सुरू करायचा, नोंदी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या आणि मगच फॉरमॅटसाठी द्यायचा. दोन ठिकाणी मात्र हे चालत नाही. नव्या विंडोजमध्ये डिस्कला बिटलॉकर नावाचं कुलूप असू शकतं. त्याची रिकव्हरी किल्ली आधीच कागदावर लिहून बँकेच्या कागदपत्रांबरोबर ठेवलेली हवी. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तिच्याशी खेळू नका, लगेच बंद करा. तिथं जाणकाराचंच काम.

या धड्यात आणखी एक गोष्ट कळली असेल. वहीला 640 चं कुलूप होतं, तरी सीडीवरून आत शिरल्यावर ती वाचता आली. म्हणजे मशीन ज्याच्या हातात, त्याच्या हातात आतलं सगळं. दुरुस्तीला देताना हे ध्यानात ठेवा. सभासदांचे आधार क्रमांक आणि खाती ज्यात आहेत ते मशीन आपण कुणाच्याही दुकानात चार दिवस सोडून येतो. जमेल तेव्हा समोर बसून काम करून घ्या. नाहीतर नोंदी आधी काढून घ्या आणि डिस्कवरच्या पुसून मग द्या.

शेवटी खिडकीतलं मशीन स्नॅपशॉटवर परत न्या. बूट फोल्डर परत येतं, मशीन सुरू होतं. जोडीतल्या दुसरीला खुर्चीवर बसवा आणि सगळं पहिल्यापासून.

सांभाळायच्या चार गोष्टी

पहिली: सरावात खरी नावं, खरे खातेक्रमांक घालू नका. मनानं रचलेली नावं घाला.

दुसरी: व्हर्च्युअलबॉक्समध्ये शेअर्ड फोल्डर नावाची सोय आहे. तिच्यामुळे बाहेरचं फोल्डर खिडकीच्या आत दिसतं. ते आतून पुसलं तर बाहेरूनही जातं. शिकताना ही सोय बंदच ठेवा. वाड्याच्या भिंतीला पाडलेलं ते दार आहे. पेनड्राइव्हचंही तसंच आहे, म्हणून सरावाला वेगळा, रिकामा पेनड्राइव्ह घ्या.

तिसरी: भारनियमनाची वेळ पाहून बसा. खिडकीतलं मशीनही वीज गेली की खऱ्यासारखंच अर्ध्यात बंद पडतं. त्याला आधी आतून बंद करायचं, मग बाहेरचं मशीन.

चौथी: सुरुवात करण्याआधी गटाच्या खऱ्या नोंदींची एक प्रत बाहेर काढून ठेवा. वाडा भक्कम असला तरी छप्पर सगळ्यांचं एकच आहे.

कुणी शिकायचं

आम्हाला काही जणी विचारतात, “हे पोरींनी शिकावं, आमचं वय आहे का?” पोरींनी शिकावंच. पण पोरी शिकायला अमरावतीला, पुण्याला जातात, लग्न होऊन जातात. कॉम्प्युटर गावातच राहतो. म्हणून प्रत्येक ग्रामसंघात किमान दोन कारभारणी हव्यात, एक तरुण आणि एक गावात राहणारी. एकीलाच सगळं माहीत असणं हेही धोक्याचं. ती आजारी पडली की पासवर्ड तिच्याबरोबर अंथरुणात.

इंग्रजी येत नाही म्हणून थांबू नका. या धड्यांत वीसएक आज्ञा पुरतात, आणि त्या शिवणयंत्राच्या भागांच्या नावांसारख्या पाठ होतात. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा प्रकल्प आहे. त्यात लिनक्सचे छोटे धडे मराठी आवाजात आहेत, फुकट. पडद्यावर कृती दिसते, कानावर मराठी येतं. थांबवून, मागे नेऊन कितीदाही पाहता येतं.

एवढ्यानं लगेच नोकरी लागेल असं आम्ही सांगणार नाही. नोकरीसाठी पुढे पुष्कळ शिकावं लागतं, जरी त्याची सुरुवात अशीच होते. पण पुढच्या वेळी दुकानदारानं “फॉरमॅट मारावा लागन” म्हटलं, तर “थांबा भाऊ, आधी नोंदी काढून घेतो” एवढं म्हणता येईल, आणि त्या काढताही येतील. नवीन वाण शेतकऱ्याच्या वावरात येण्याआधी आपलं कृषी विद्यापीठ ते आपल्या प्रक्षेत्रावर लावून पाहतं. तिथं एखादं पीक वाया गेलं तर ते नुकसान नसतं, ती माहिती असते. खिडकीतलं मशीन म्हणजे आपलं प्रक्षेत्र.

पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या. आपल्या कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे? नोंदींची शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे आणि ती कुठं आहे? ती परत उघडून कुणी पाहिली आहे का? उत्तरं इतिवृत्तात लिहा. ज्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, तिथून शिकायला सुरुवात करा.

पुढच्या भागात आपण दोन व्हर्च्युअल मशीन एकमेकांना जोडून पाहू, म्हणजे दोन गावांच्या कॉम्प्युटरांनी एकमेकांशी कसं बोलायचं ते कळेल. तोपर्यंत लुबुंटू उतरवून ठेवा, आणि वही-पेन जवळ असू द्या. नमस्कार.